समुद्राचा मासा आणि चांद्याच्या नद्या : एका वाटेचा इतिहास

१/
गडचिरोली आणि चंद्रपूर म्हटले की साग, बांबू, मोह आणि वाघ आठवतात. समुद्र आठवत नाही. तरीही या दोन जिल्ह्यांच्या नद्यांत कोणते जलचर राहतील, यावर समुद्रकाठच्या एका भिंतीचा परिणाम झाला आणि ती भिंत १८५२ मध्येच उभी राहिली होती. त्या भिंतीचा, खाडीतून नदीत चढणाऱ्या माशांचा आणि चांद्याच्या अरण्यप्रदेशाचा हा एकत्रित इतिहास. #थ्रेड

२/
आधी नकाशा पाहू. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्मते. सुमारे ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंचा–कालेश्वर येथे गोदावरीला मिळते. त्याच्या खाली, सिरोंचा तालुक्यातच सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीत येते. गोदावरीच्या एकूण खोऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र एकट्या प्राणहितेच्या उपखोऱ्याचे आहे. नाशिकहून निघालेली गोदावरी खऱ्या अर्थाने महानदी होते ती इथे, चांद्याचे पाणी मिळाल्यावर.

३/
सिरोंच्याजवळ या नदीचे पात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंचीवर आहे आणि तिथून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. म्हणजे उतार अगदी मंद. मध्ये काही ठिकाणी खडकांचे पट्टे आहेत, पापिकोंडलूची घळ आहे. पण मोठा धबधबा नाही. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली की हे खडकही पाण्याखाली जातात. समुद्राकडून वर येणाऱ्या जिवाला इतकी सोपी वाट फार थोड्या नद्या देतात.

४/
अशा वाटेने येणाऱ्या माशांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पाला. कोकणच्या किनाऱ्यावर याला पाला म्हणतात, बंगालात इलिश, सिंधमध्ये पल्लो, आणि इतरत्र हिलसा. आंध्रात त्याला दोन नावे आहेत : समुद्रात असताना विलसा आणि गोदावरीत चढल्यावर पुलसा. मासा एकच, पण नदीचे पाणी लागल्यावर त्याची चव बदलते, म्हणून नावही बदलते. मंगळसूत्र विकावे पण पुलसा खावा, अशा अर्थाची म्हण गोदावरीकाठच्या तेलुगू घरांत आजही सांगितली जाते.

५/
पाल्याचे आयुष्य दोन पाण्यांत विभागलेले असते. वाढ समुद्रात आणि खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात. अंडी मात्र गोड्या पाण्यात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होऊन गढूळ लोंढा मुखाशी आला की पाल्याचे थवे प्रवाहाविरुद्ध निघतात. पिल्ले नदीत वाढू लागतात आणि पुढे खाडीकडे उतरतात. सिंधू, नर्मदा, तापी, कावेरी, कृष्णा, गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती या साऱ्या नद्यांत हा क्रम चालत असे. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात या जातीचे शास्त्रीय वर्णन केले आणि ‘इलिशा’ हे बंगाली नावच तिच्या शास्त्रीय नावात कायम झाले.

६/
पाला समुद्राकडून नदीकडे अंडी घालायला येतो. याच वाटेवर नेमके उलटे चालणारे दोन जीव आहेत. पहिला ईल, म्हणजे पुणे-सोलापूरकडचा अहीर. हा सापासारखा लांब मासा वर्षानुवर्षे नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची बोटभर पिल्ले पुन्हा नदीत चढतात. दुसरा गोदावरीचा मोठा झिंगा. तो मासा नव्हे, पण कोळ्याच्या जाळ्यात आणि नदीच्या हिशेबात तो माशांबरोबरच असतो. मादी नदीत राहते, पण तिच्या अळ्यांना वाढीसाठी निमखारे पाणी लागते. खाडीत वाढलेली पिल्ले मग काठाकाठाने प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर वर येतात. वैनगंगेतला झिंगा तो हाच.

७/
भंडारा, पवनी, चामोर्शी, आष्टी इथल्या ढिवर, भोई, केवट समाजांची वैनगंगेवरची मासेमारी ज्या पाण्यावर उभी होती, त्या पाण्याचा एक धागा थेट बंगालच्या उपसागराला जोडलेला होता. समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसांच्या ताटात समुद्राच्या खाडीत जन्मलेला झिंगा येत होता. या धाग्याचे पुढे काय झाले, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते.

८/
महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यातील माशांची पहिली मोठी शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खनभर फिरला आणि १८३९ ते १८४१ या काळात त्याचे दख्खनच्या माशांवरील लेखन प्रसिद्ध झाले. त्यात एक ईल आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या सन्मानार्थ साइक्सने तिला ‘अँग्विला एल्फिन्स्टोनी’ असे नाव दिले. आज ती वेगळी जात मानली जात नाही. भारतीय ईलचेच ते एक जुने नाव आहे.

९/
पण ती नोंद मोलाची आहे. पुण्याकडच्या नद्या भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. ईल समुद्रातच जन्मते. म्हणजे साइक्सच्या हातातील ईल पूर्व समुद्रातून निघून अख्खा दख्खन ओलांडून सह्याद्रीच्या छायेत आली होती. हे १८५५ च्या आधीचे, कारण त्या वर्षी विजयवाड्याचा, म्हणजे तेव्हाच्या बेजवाड्याचा, कृष्णेवरील बंधारा पूर्ण झाला. मोकळ्या नदीतून समुद्राचा जीव किती आत येऊ शकतो, याचा हा दस्तऐवज आहे.

१०/
याच साइक्सचे नाव चांद्याच्या नद्यांशीही जोडलेले आहे. १८५१ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात त्याचे एक टिपण प्रसिद्ध झाले. सिरोंच्याच्या वर प्राणहितेकाठी असलेल्या कोटा गावाजवळील चुनखडकात सापडलेल्या जीवाश्म माशाविषयीचे ते टिपण होते. माशाचे वर्णन फिलिप एगर्टन याने केले होते. ज्युरासिक काळातील, जाड चकचकीत खवल्यांचा हा ‘लेपिडोटस’. वडधमच्या जीवाश्मांमुळे सिरोंचा आज ओळखला जातो, त्या शोधपरंपरेची ही सुरुवातीची पायरी.

११/
योगायोग असा, की प्राणहितेकाठचा दगडातला मासा विज्ञानाच्या दप्तरात दाखल होत होता, तेव्हा तिच्या जिवंत माशांची वाट खाली, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, बंद केली जात होती. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वर येथे १८४७ मध्ये सुरू झालेले गोदावरीचे धरण १८५१ मध्ये जवळजवळ पुरे होत आले होते.

१२/
धवळेश्वरचा बंधारा मद्रासचा अभियंता आर्थर कॉटन याने बांधला. इथे गोदावरी बेटांमुळे विभागलेली आहे. त्या बेटांना जोडत चार तुकड्यांत सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची, बारा फूट उंचीची भिंत उभी राहिली. १८५२ मध्ये काम पूर्ण झाले. भिंतीवरून पुराचे पाणी ओसंडून जाई. कोरड्या महिन्यांत सारे पाणी दोन्ही तीरांच्या कालव्यांत वळवले जाई.

१३/
या बंधाऱ्याने काय दिले, हे विसरून चालणार नाही. १८३३ च्या भीषण दुष्काळाने हा त्रिभुज प्रदेश ओसाड केला होता. कॉटनच्या कालव्यांनी तोच प्रदेश भाताचे कोठार बनवला. गोदावरी जिल्ह्यांत आजही त्याचे पुतळे आहेत आणि लोक त्याला कृतज्ञतेने स्मरतात. त्यामुळे ही कथा खलनायकाची नाही. अन्न देणारी एक भिंत दुसऱ्या कुणाचे अन्न तोडत होती, आणि ज्यांचे तुटत होते ते चारशे किलोमीटर वर, वेगळ्या राज्यात राहत होते. त्यांना कुणी विचारले नाही, कारण विचारण्याजोगा संबंध आहे हेच कुणाच्या ध्यानात नव्हते.

१४/
माशाच्या दृष्टीने बारा फूट म्हणजे काय? युरोपातला सामन मासा उडी मारतो. पाला मारत नाही. तो प्रवाहाशी झुंजतो, पण उभ्या भिंतीवर चढत नाही. महापुरात भिंतीच्या वरचे आणि खालचे पाणी जवळजवळ एका पातळीला आले, तरच त्याला पलीकडे जाता येते. ईलची पिल्ले ओल्या दगडाला चिकटून सरपटू शकतात. झिंग्याची पिल्लेही रात्रीच्या वेळी भिंतीच्या ओल्या कडेने थव्याथव्यांनी वर चढतात. म्हणजे एकाच भिंतीने तीन जिवांना तीन वेगवेगळे निकाल दिले. पाल्यासाठी वाट जवळजवळ संपली. ईल आणि झिंगा यांच्यासाठी ती अवघड झाली, पण उरली.

१५/
आता सनावळी एका रांगेत लावू.
१८५२ : धवळेश्वरचा बंधारा पूर्ण.
१८५३ : नागपूरच्या तिसऱ्या रघूजी भोसल्यांचा मृत्यू, त्यानंतर चांद्यासह त्यांचे राज्य खालसा.
१८६० : निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे, सिरोंचा येथे अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे.
१८६९ : ल्युसी-स्मिथ याचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल.
१८७० : चार्ल्स ग्रँट याचे मध्य प्रांताचे गॅझेटियर.

१६/
या रांगेचा अर्थ सरळ आहे. चांदा आणि सिरोंचा यांच्या जमीन-पाण्याची तपशीलवार सरकारी दप्तरे तयार होऊ लागली, तेव्हा खालची भिंत उभी राहून काही वर्षे लोटली होती. इंग्रज अधिकाऱ्याने जी नदी ‘नैसर्गिक’ म्हणून पाहिली, ती आधीच तोडलेली नदी होती. १९९५ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली याने या प्रकाराला ‘सरकती आधाररेषा’ अशा अर्थाचे नाव दिले. प्रत्येक पिढी आपल्या डोळ्यांसमोरची स्थिती मूळ मानते आणि आधीची हानी मोजणीतूनच निसटते. चांद्याच्या नद्यांत ही रेषा पहिल्याच मोजणीपूर्वी सरकली होती.

१७/
कॉटनची नजर मात्र धवळेश्वरवर थांबली नव्हती. त्याला गोदावरीवरून आगबोटी थेट वर्धेपर्यंत न्यायच्या होत्या. हिंगणघाटचा कापूस नदीमार्गे काकिनाड्याच्या बंदरात उतरवायचा, हे स्वप्न. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि या योजनेला एकदम वजन आले. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल तिचा उत्साही पुरस्कर्ता होता.

१८/
वाटेत तीन मोठे खडकाळ अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीचा. हे देवलमरी आजच्या अहेरी तालुक्यात आहे. प्रत्येक ठिकाणी बंधारा, कालवा आणि बोटी वरखाली नेणारे दरवाजे बांधण्याची योजना होती. कॅप्टन हेग याच्या देखरेखीखाली कामे सुरू झाली. घनदाट जंगल, हिवताप, मजुरांची वानवा यांनी ती रखडत गेली. दुम्मागुडेमचे काम बरेच पुढे गेले. वरची दोन अपुरी राहिली.

१९/
दरम्यान यादवी संपली, कापसाचे भाव उतरले आणि १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाला पश्चिमेची वाट मिळाली. १८७१ मध्ये सरकारने गोदावरी जलमार्गाची कामे बंद केली. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. जहाजे आली नाहीत. मात्र दुम्मागुडेमला नदीत आणखी एक भिंत उरली. आगबोटींसाठी खर्च करून दरवाजे आखले गेले होते. जे जीव हजारो वर्षे तीच वाट चालत होते, त्यांच्यासाठी दरवाजा कुणी आखला नव्हता.

२०/
तरीही प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारणारा होता खुद्द कॉटन. निवृत्त होऊन इंग्लंडात परतलेल्या कॉटनने १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतमंत्र्यांचे लक्ष या गोष्टीकडे वेधले, की पाटबंधाऱ्यांच्या भिंतींमुळे किनाऱ्यावरील मत्स्यव्यवसायाची हानी होत असावी. बंधाऱ्यांच्या इतिहासात ही घटना दुर्मीळ आहे. या पत्रव्यवहारातून मद्रास लष्करातील एका शल्यवैद्याकडे चौकशीचे काम आले. त्याचे नाव फ्रान्सिस डे.

२१/
डे पुढे भारताचा मत्स्यव्यवसाय महानिरीक्षक झाला. १८७३ मध्ये त्याचा भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मासेमारीवरील अहवाल आला. १८७५ ते १८७८ या काळात ‘भारतातील मासे’ हा त्याचा महाग्रंथ खंडशः प्रसिद्ध झाला. वर चढू पाहणारे मासे भिंतीच्या पायथ्याशी साचतात आणि तिथे त्यांची सर्रास कत्तल होते, हे त्याने नोंदवले. भिंतींमध्ये माशांसाठी मार्ग ठेवावेत, असा त्याचा आग्रह होता. पण उपलब्ध नमुने युरोपातल्या सामनसाठी आखलेल्या पायऱ्यांचे होते. न उडणाऱ्या पाल्याला त्या उपयोगाच्या नव्हत्या.

२२/
डेच्या अहवालाची दुसरी बाजूही आहे. बारीक छिद्रांची जाळी, ओढ्यांतले सापळे आणि झाडपाल्याचे विष यांवरही त्याने बोट ठेवले. सरकारने दोन्ही गोष्टी ऐकल्या, पण कृती मुख्यतः एकीवर केली. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने पाण्यात डायनामाइट फोडणे आणि विष कालवणे हा गुन्हा ठरवला आणि जाळी-सापळ्यांवर नियम करण्याचे अधिकार प्रांतांना दिले. नदीवर भिंत घालणाऱ्या सरकारी खात्याने माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती.

२३/
कायद्याचा हा कल अरण्यप्रदेशासाठी महत्त्वाचा ठरला. उन्हाळ्यात डोहातले पाणी आटल्यावर वनस्पतीच्या सालीने मासे गुंगवणारा माडिया किंवा गोंड गावकरी गुन्हेगार ठरू शकत होता. विषाने डोहाची हानी होते, हे खरेच. पण ती एका डोहाची. अख्ख्या खोऱ्याची वाट अडवणारी रचना मात्र विकासाच्या खात्यात जमा होती. हानीचा दोष कोणाच्या नावे मांडायचा, हे हानीच्या आकारावरून ठरले नव्हते.

२४/
हीच कथा इतर नद्यांनी पुन्हा सांगितली. सिंधूवर पल्लो फार वर, मुलतानपर्यंत जाई. सक्करजवळच्या झिंदा पिराच्या दर्शनाला तो येतो, अशी श्रद्धा होती. उल्हासनगरच्या सिंधी घरांत झुलेलाल ज्या माशावर आरूढ दिसतात, तोही पल्लोच. १९३२ मध्ये सक्कर आणि १९५५ मध्ये कोटरी येथे बंधारे झाले आणि पल्लोची वाट मुखाजवळच्या पट्ट्यापुरती उरली. गंगेत पाला प्रयाग, कानपूर आणि त्याही वर जात असे; १९७५ च्या फराक्का बंधाऱ्यानंतर तो मार्गही मोडला. गोदावरीत हे १८५२ लाच घडले होते. म्हणूनच प्रयागच्या इलिशच्या आठवणी अजून ऐकू येतात. गोदावरीच्या वरच्या टप्प्याची आठवण सांगणारी पिढी कधीच गेली.

२५/
विसाव्या शतकात अरण्यप्रदेशाच्या वाट्याला नव्या भिंतींचे आराखडे आले. गोदावरी पाणीवाटप लवादाने १९८० मध्ये निवाडा दिला. इंचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन धरणे पुन्हा चर्चेत आली. पहिल्याचे नाव जलमार्गाच्या काळापासूनचेच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला आणि लगेचच त्या नव्या जिल्ह्याने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन पाहिले. लालश्याम शाह आणि बाबा आमटे यांच्यासह हजारो आदिवासी त्यात उतरले. ती दोन धरणे झाली नाहीत. इंद्रावती भामरागडच्या संगमापासून सोमनूरपर्यंत मोकळी वाहत राहिली, त्यामागे हेही एक कारण आहे.

२६/
वैनगंगेचे मात्र तसे झाले नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. ३३ दरवाजांच्या या धरणाने विदर्भातील शेतीला पाणी देण्याचे आश्वासन दिले. शेकडो गावांच्या विस्थापनाचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न त्याने उभा केला. धरणाच्या वरच्या वैनगंगेला समुद्राकडून येणाऱ्या झिंग्याची वाट इथे अडली. ओल्या दगडाला धरून बारा फूट चढणे वेगळे आणि एका महाकाय धरणाची भिंत चढणे वेगळे.

२७/
मग मेडीगड्डा. २०१६ च्या महाराष्ट्र–तेलंगणा करारानंतर प्राणहिता संगमाच्या खाली, सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीसमोर, कालेश्वरम योजनेचा हा ८५ दरवाजांचा बंधारा उभा राहिला. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांनी बुडिताच्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दीर्घ लढा दिला. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. बातम्या झाल्या त्या कोट्यवधी रुपयांच्या, निविदांच्या आणि राजकारणाच्या. प्राणहितेच्या तोंडाशी झालेली ही भिंत जलचरांच्या वाटेवरही आहे, हे त्या गदारोळात मागे पडले.

२८/
आज समुद्राकडून निघालेल्या जिवासमोर काय काय येते, ते क्रमाने पाहू. आधी धवळेश्वर, तिथे कॉटनच्या जुन्या भिंतीची जागा १९८२ च्या सुमारास नव्या बॅरेजने घेतली आणि नाव कॉटनचेच राहिले. मग पोलावरम. मग दुम्मागुडेम. मग तुपाकुलगुडेम. मग मेडीगड्डा. प्राणहिता ओलांडून वैनगंगेत शिरले की चामोर्शीजवळ चिचडोह आणि त्याच्या वर गोसीखुर्द. १८५२ मध्ये जी एक भिंत होती, तिची आता शिडी झाली आहे. फक्त ही शिडी चढण्यासाठी नाही.

२९/
या भिंतींमागे जलाशय आहेत आणि जलाशयांतही मासे आहेत. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते, ठेके दिले जातात, सहकारी संस्था मासेमारी करतात. सरकारी आकडेवारीत उत्पादन दिसते. पण ढिवराच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. नदीतला झिंगा स्वतःच्या पायांनी येत असे. त्याला बीज लागत नव्हते, ठेका लागत नव्हता. जलाशयातला मासा विकत घेतलेल्या बीजातून येतो आणि त्यावर आधी हक्क सिद्ध करावा लागतो. वाट तुटली तेव्हा केवळ एक जात कमी झाली नाही. मासेमारीचे अर्थशास्त्रच पालटले.

३०/
एखाद्या माशाचा ‘आढळ’ कोणत्याही पुस्तकात दोन ओळींत लिहिलेला असतो : अमुक समुद्र, अमुक खाड्या, अमुक नद्यांचे खालचे टप्पे. वाचणाऱ्याला ती निसर्गाने आखलेली सीमा वाटते. पाल्याच्या बाबतीत ‘खालचे टप्पे’ हे शब्द धवळेश्वरने लिहिले, सक्करने लिहिले, फराक्काने लिहिले. तो मासा तिथवरच जाऊ शकतो असे नाही. त्याला तिथवरच जाऊ दिले गेले.

३१/
आता जगभर जुनी धरणे पाडून नद्या मोकळ्या करण्याचे प्रयोग होत आहेत, जिथे ते शक्य नाही तिथे स्थानिक माशाच्या सवयी पाहून मार्ग आखले जात आहेत. गोदावरीत असा विचार करायचा झाला, तर तो चढू शकणाऱ्यांपासून सुरू होईल : झिंगा आणि ईल. त्यांना मोठा खर्च लागत नाही. भिंतीच्या कडेने ओला, खडबडीत, सतत पाणी झिरपणारा उतार लागतो. आणि कोणत्या काठाने, कोणत्या महिन्यात, किती पाण्यात ते चढतात, हे सांगणारी माणसे पवनीपासून सिरोंच्यापर्यंत अजून नदीवर आहेत. त्यांच्या ज्ञानाची नोंद ही आजची निकडीची गोष्ट आहे, कारण एकदा आधाररेषा नोंदीआधीच सरकल्याचा अनुभव या नद्यांनी घेतलेला आहे.

३२/
म्हणून माशांच्या आढळाचा नकाशा पाहताना त्याच्या कोपऱ्यात वर्ष शोधावे. १८४० चा नकाशा आणि १८६० चा नकाशा यांत समुद्र तोच, नदी तीच, मासाही तोच. मधे एक भिंत आहे. चंद्रपूर–गडचिरोलीच्या नद्यांचा इतिहास लिहिताना सुरुवात चांद्याच्या किल्ल्यापासून होते, सागवानाच्या लिलावांपासून होते. तिचे एक प्रकरण धवळेश्वरला, समुद्राच्या काठी, सुरू झाले पाहिजे.

(थ्रेड समाप्त)